अण्णा, हलकी गाडी पावसात तरंगते का?

मे महिन्यात या सदराला येणारी निम्मी पत्रं 'एसी गार करत नाही' म्हणून असतात. मृग लागला की तेच वाचक ब्रेक, वायपर आणि टायरकडे वळतात. या खेपेला शिरपूरहून एक वेगळंच पत्र आलं. बाकीचा गठ्ठा बाजूला सारून आधी त्याचंच उत्तर लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता कळलं की आणखी चार पत्रं त्याच वाटेची आहेत.

प्रश्न : अण्णा, माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आहे. त्याने तिथे जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. १९९०च्या सुमाराची, दोन सीटची, उघड्या टपाची. फोटोत आमच्या बोलेरोशेजारी मनातल्या मनात उभी करून पाहिली, तर खेळण्यासारखी वाटते. तिकडे बारमाही पाऊस. एवढी हलकी गाडी ओल्या रस्त्यावर टिकाव धरेल का? त्याची आई काळजीने झोपत नाही. – एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, वहिनींना सांगा, पोराने गाडी चांगली निवडली आहे. ही गाडी १९८९ साली आली, वजन हजार किलोच्या आतबाहेर. तुमच्या बोलेरोचं दीडपटीहून जास्त भरेल. पण जड म्हणजे रस्त्याला चिकटणारी आणि हलकी म्हणजे निसटणारी, हा जो आपल्याकडचा समज आहे तो आधी मोडू या. गाडी जड असली की टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो, पकड वाढते, हे खरं. पण थांबवायचं आणि वळवायचं ओझंही त्याच मापाने वाढतं. हिशेब जिथल्या तिथे. उलट रबराचा एक गुण असा की त्याच्यावर भार जसा वाढतो, तशी त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते. त्यामुळे नुसत्या ओल्या, म्हणजे पाणी न साचलेल्या रस्त्यावर चांगल्या टायरची हलकी गाडी जड गाडीच्या पुढेच असते. वळणावर स्टेअरिंग फिरवलं की लगेच ऐकते. आपली जीप मात्र आधी डुलते, मग विचार करते, मग वळते.

आता दुसरी बाजू. पाणी साचलं की गोष्ट बदलते. टायर फिरताना पुढचं पाणी बाजूला सारतो, नक्षीच्या खाचांतून बाहेर फेकतो आणि मग मागच्या भागात रबर डांबराला टेकतं. वेग वाढला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि गाडी पाण्यावर चढते. या चढण्याचा वेग मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. हलक्या गाडीत हवा कमी ठेवतात. या एमएक्स-५ला २६ पौंड सांगितलेली आहे. म्हणजे हलकी गाडी वजनामुळे थेट घसरत नाही, कमी हवेमुळे लवकर तरंगते. (आकडेमोड खाली अमळनेरच्या भाऊंच्या उत्तरात केली आहे, तीही मुलाला वाचून दाखवा.)

तिसरी गोष्ट, ती मागच्या चाकांवर चालते. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २,२६५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन मीटरला जेमतेम वर. अशी आखूड गाडी फिरायला लागली की भोवऱ्यासारखी फिरते. लांब गाडी मागून सरकायला लागली तर तुम्हाला 'अरे अरे' म्हणण्याइतका वेळ मिळतो, इथे 'अ' एवढाच. त्या वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, नव्हतं, आणि घसरताना आपणहून सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तर कोणत्याच गाडीत नव्हती. पायाखाली काय चाललंय ते गाडी हाताला सांगते, पण करायचं सगळं ड्रायव्हरने. ओल्या वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की मागची बाजू बाहेर येते. वळणाच्या मध्येच पाय एकदम उचलला तरी येते. उताराला खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागची चाकं क्षणभर अडकतात आणि पुन्हा तेच. म्हणजे जे करायचं ते हळू. पाय ठेवताना हळू, उचलताना त्याहून हळू.

तरी त्याचं नशीब की इंजिन पुढे आहे. तिकडेच १९९६ला लोटस एलिस नावाची गाडी आली, जेमतेम सव्वासातशे किलोची, इंजिन सीटच्या मागे. चालवायला अमृत, पण ओल्यात सुटली की एमएक्स-५हून जलद फिरते, आणि पहिल्या पिढीत एबीएस नव्हतं. पोराला पुढच्या वर्षी तिची हौस आली तर मला पुन्हा पत्र लिहा.

पण या सगळ्याहून महत्त्वाचं मी स्वतः अंगावर घेऊन शिकलोय, ते सांगतो. २०१०चा जून. मित्राने हौसेने घेतलेली दोन सीटची, फायबर बॉडीची छोटी गाडी मी नाशिकहून धुळ्याला आणत होतो. मालेगाव सोडलं, झोडग्याच्या पुढे पावसाची पहिली सर आली. लळिंगच्या घाटात उताराला, किल्ला उजव्या अंगाला दिसायला लागला तिथे, एका वळणावर वेग सत्तर. जास्त नव्हे. समोर एक ट्रक हळू झाला आणि मी एक्सलेटरवरून पाय झटकन उचलला. ब्रेकला हातपाय लावायच्या आत मागची बाजू पुढे आली. गाडी अर्धी गिरकी घेऊन तोंड मालेगावकडे करून साइडपट्टीवर उभी राहिली. इंजिन बंद, वायपर चालू. मी खाली उतरून बॉनेट उघडलं, कशासाठी ते आजही कळत नाही. मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर उतरला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाऊ, पयले टायर देख, इंजिन काय देखी राह्यना?"

टायरची नक्षी तर भरपूर होती. नव्यासारखी. पण नख रोवून पाहिलं, नख उमटेना. बाजूवरचा आकडा पुसून वाचला, ३२०२. म्हणजे २००२ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. जवळजवळ आठ वर्षांचा. गाडी हौसेची, महिन्याकाठी शे-दोनशे किलोमीटर चालणार, म्हणजे टायर झिजणार कधी? आणि आपल्या भागात ४४-४५च्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली आठ उन्हाळे काढलेलं रबर. ते रबर राहत नाही, करवंटी होते. कोरड्यात करवंटीसुद्धा चालते, ओल्यात नाही. दोष गाडीचा नव्हता, मित्राचाही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायर तपासणाऱ्या माणसाने निघण्याआधी तो आकडा वाचायला हवा होता.

तेव्हा मुलाला वेगाबिगाचं व्याख्यान देऊ नका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. फोनवर एवढंच विचारा की टायरवरचा चार आकडी नंबर काय, चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का, आणि नक्षी किती उरली. तिकडचा कायदा १.६ मिलिमीटर चालवून घेतो, आपलाही. पण नवा टायर आठ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पाणी फेकायची ताकद तीनच्या खाली आली की संपत जाते. हलक्या गाडीत तीनला टायर काढा. आणि पुढचे दोनच बदलायचे असतील तर नवे मागे टाकायचे, जुने पुढे. लोकांना हे उलटं वाटतं. पण पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंगला कळतं, मागचं घसरलं तर माझ्यासारखं मालेगाव दिसतं.

तिकडच्या हायवे कोडमध्ये लिहिलंय की ओल्या रस्त्यावर थांबायला निदान दुप्पट अंतर धरा. ते वहिनींना सांगू नका, मुलाला सांगा.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला मूळचे १६५चे टायर होते. मी अलॉय टाकून २०५चे बसवले, गाडी दोन इंच खाली केली. कोरड्या रस्त्यावर गोंद लावल्यासारखी चालते. पण गेल्या पावसाळ्यात पारोळा रोडला साचलेल्या पाण्यात स्टेअरिंग अचानक हलकं झालं, फिरवलं तरी गाडी सरळच. टायर खराब निघाले का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : टायर खराब नाहीत भाऊ, रुंद आहेत. रुंद टायरला समोरचं पाणी जास्त सारावं लागतं, आणि ते बाहेर पडायला वाट लांब. वजन तेच, जागा पसरट. अनवाणी पायाने चिखलात टाच रुतते आणि पाटी ठेवली तर वर राहते, तसं. मोटार शर्यतीत पावसाच्या टायरला खोल खाचा असतात त्या यासाठीच. फॉर्म्युला वनच्या पूर्ण पावसाळी टायरबद्दल पिरेलीने सांगितलेला आकडा असा की ताशी ३०० किलोमीटरला एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो. तुमचा-आमचा टायर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता आकडेमोड. अमेरिकेत नासाच्या इंजिनिअरांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून १९६३ साली एक सोपं सूत्र मांडलं. हवेच्या पौंडाचं वर्गमूळ काढायचं आणि आपल्या किलोमीटरसाठी साधारण साडेसोळाने गुणायचं. जो आकडा येईल त्या वेगाला, नक्षीपेक्षा खोल पाण्यात, टायर तरंगू लागतो. २६ पौंडाला येतात ८४ किलोमीटर, ३६ पौंडाला ९९. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंड हवा असते, तिथे येतात १६५. म्हणून भर पावसात आपण जीव मुठीत धरून सत्तरने जात असतो आणि केळीचा ट्रक पाणी उडवत बिनधास्त पुढे जातो. त्याला पाहून आपण वेग वाढवायचा नसतो. हे सूत्र विमानाचं, मोटारीला तंतोतंत लागत नाही. टायर गोटा झालेला असेल किंवा तुमच्यासारखा रुंद असेल, तर आधीच तरंगेल. पण हवा दोन-चार पौंड कमी ठेवून 'ग्रिप वाढते' म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याचं ओल्या दिवसांत का ऐकायचं नाही, तेवढं यातून कळतं. हवा दरवाजावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, सकाळी टायर थंड असताना.

पुन्हा स्टेअरिंग हलकं झालं तर काही करू नका. खरोखर काही करू नका. ब्रेक नको, स्टेअरिंग फिरवणं नको, एक्सलेटर सावकाश सोडा आणि चाकं सरळ धरून ठेवा. टायर पुन्हा टेकतात तेव्हा चाकं वाकडी असली तर गाडी त्या वाकड्या दिशेला उडी मारते, आणि पारोळा रोडच्या कडेला निंबाची झाडं आहेत. पाऊस जोरात असेल तर पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी सारून केलेल्या पट्ट्यांवरून चला, अंतर मात्र भरपूर ठेवून.

आणि खाली केलेल्या गाडीचं अलाइनमेंट करून घ्या. स्प्रिंग कापली की चाकांचे कोन बदलतात. मागची चाकं जराशी बाहेर उघडी राहिली तरी कोरड्यात समजत नाही, पावसात समजतं.

प्रश्न : पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून छोट्या गाडीच्या डिकीत सिमेंटची गोणी ठेवावी, असं शेजारी म्हणतात. ठेवू का? – एक वाचक, सावदा

उत्तर : नको. मोकळ्या पिकअपला, जिची मागची चाकं ओढतात, तिला चिखलातून निघायला मागे वजन मदत करतं. तुमचे शेजारी बहुधा पिकअपवाले असतील. तुमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात. डिकीत वजन टाकलं की पुढचं उचललं जातं, म्हणजे ओढणारी आणि वळणारी चाकं हलकी. थांबायला तर वजनाने काहीच फायदा नाही. साधा हिशेब: पकडीचा गुणांक कोरड्यावर ०.७ धरला तर ६०च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून २० मीटर लागतात, ओल्यावर ०.४ धरला तर ३५. या हिशेबात गाडीचं वजन कुठे येतच नाही, दोन्ही बाजूंनी कटतं. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे १७ मीटर, वेगळा.

शिवाय ती गोणी डिकीत ओली झाली की पन्नास किलोचा दगड. जोरात ब्रेक लागल्यावर तो सीटच्या पाठीवर येऊन आदळतो.

प्रश्न : आम्ही श्रावणात चाळीसगावहून कन्नड घाटाने जाणार आहोत. गाडी छोटी आहे पण एबीएस आहे, त्यामुळे काळजी नाही असं घरचे म्हणतात. बरोबर आहे का? – एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, एबीएस असलं की चाक अडकत नाही आणि ब्रेक दाबून धरतानाही गाडी वळवता येते. पकड मात्र ते निर्माण करत नाही, आहे तेवढीच वापरतं. निम्मी काळजी कमी झाली म्हणा. घाटात चढताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, गिअर वळणाच्या आधी बदला, वळणात नको. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल असतं, पावसात त्यावर इंद्रधनुष्य दिसतं. तिथून चाक नेऊ नका. धुकं उतरलं तर लाइट लो बीमवर. हा घाट आपल्या माहितीतला आहे म्हणून गृहीत धरू नका, २०२१च्या ३१ ऑगस्टला एका रात्रीत तिथे दरडी कोसळून वाहनं अडकली होती. निघण्याआधी चाळीसगावात विचारून घ्या, घाट चालू आहे का.

घाट उतरल्यावर शेताच्या फाट्यांकडेही लक्ष ठेवा. ट्रॅक्टर वावरातून डांबरीवर येतो तिथे वीस-पंचवीस पावलं काळी माती पसरलेली असते. वाळलेली असते तोवर काही नाही, भुरभुर पाऊस पडला की तिचा साबण होतो. जोराच्या पावसात ती वाहून जाते, त्यामुळे भीती भुरभुर पावसाचीच जास्त. पहिल्या सरीचंही तसंच. उन्हाळाभराचं तेल आणि रबराची धूळ वर येते, चांगला तासभर पाऊस झाला की रस्ता धुतला जातो.

प्रश्न : शीर्षकात तुम्ही बहुधा घ्याल म्हणून विचारतो: गाडी खरोखरच, होडीसारखी, तरंगते का? आमच्याकडे नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तरी लोक गाड्या घालतात. – एक वाचक, चोपडा

उत्तर : घेतलं बघा शीर्षकात. तरंगते, आणि तुम्हाला वाटतं त्याहून फार कमी पाण्यात. शिरपूरच्या दादांच्या मुलाची गाडीच घ्या. लांबी चार मीटरला थोडी कमी, रुंदी पावणेदोनच्या आत. तळाचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटरच्या आसपास. हजार किलो वजन उचलायला हजार लिटर पाणी बाजूला व्हावं लागतं. हजार लिटर साडेसहा चौरस मीटरवर पसरले तर थर होतो पंधरा-सोळा सेंटिमीटरचा. चाकांच्या पोकळ जागा सोडल्या तर थोडा जास्त. म्हणजे पाणी गाडीच्या तळाला लागल्यावर आणखी वीतभर चढलं की गाडीचं वजन संपलं. पूर्ण तरंगायचीही गरज नाही. निम्मं वजन पाण्याने उचललं की टायरची पकड निम्मी, आणि वाहत्या पाण्याचा रेटा तर आडवा येतो. बोलेरो जड आणि उंच म्हणून तिला वीतभर जास्त पाणी लागेल, इतकाच फरक. फरशीच्या कडेला बहुधा कठडे नसतात, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली हे वरून दिसत नाही.

पलीकडच्या माणसाने हात करून 'या, या' म्हटलं तरी जाऊ नका, तो पाणी कमी असताना आलेला असतो. अलीकडे टपरी असेल तर चहा घ्या. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांचं पाणी जसं झपाट्याने चढतं तसंच ओसरतं. एका काठीला खूण करून पाण्याच्या कडेला रोवून ठेवा, म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय ते बसल्या जागी कळेल.